लायसनवरची तारीख

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. राजेंद्रनगरहून सकाळी सहाला निघायचं आणि परतायला दुपार. गाडी बाबा चालवायचे. त्यांचं वय 76, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी नोव्हेंबरमध्ये इंदूरला आलो त्याच आठवड्यात त्यांनी गाडी दुभाजकाला घासली. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवशी मी किल्ली मागितली.

बाबांनी विचारलं, "तुझं लायसन आहे ना रे?"

होतं की! 2003 मध्ये, विसाव्या वर्षी काढलेलं. कपाटातल्या जुन्या पाकिटात सापडलंही. तेव्हाच्या नियमाने ते 20 वर्षांचं होतं, म्हणजे 2023 मध्येच संपलेलं. घरात ज्याचं लायसन चालू त्याला नीट दिसत नाही आणि ज्याला दिसतं त्याचं लायसन बंद, अशी गत झाली.

गंमत म्हणजे अमेरिकेत मला अशी तारीख तोंडपाठ असायची. तिथे परदेशी माणसाचं लायसन त्याच्या राहण्याच्या परवानगीला बांधलेलं असतं. एच-वन-बीची मुदत संपली की बहुधा लायसनचीही संपते. मुदतवाढीचा कागद घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं. नागरिक होईपर्यंत मी हे तीनदा केलं. इथलं लायसन मात्र घरचंच, त्याची काय काळजी, म्हणून कधी उलटूनही पाहिलं नाही.

आरटीओत गेलो. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, ओसीआय कार्ड पाहिलं आणि हसून म्हणाला, "भिया, बोली तो इंदौर की है, पासपोर्ट बाहर का!" मग त्याने नीट समजावलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्याच काळात साधं नूतनीकरण होतं. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती. वर्ष उलटलं की ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा. चाळिशी ओलांडलेली, म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्रही हवं.

माझी खरी अडचण पत्त्याची निघाली. आधार नाही; परदेशी नागरिकाला ते मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. वीजबिल बाबांच्या नावावर. ज्या घरात मुंज झाली तिथे मी राहतो, हे नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यावं लागलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं त्यांना."

तोवर काय? अमेरिकेतून निघण्यापूर्वी तिथल्या मोटार संघटनेकडून आंतरराष्ट्रीय परमिट घेतलं असतं, तर वर्षभर निभावलं असतं. घेतलं नव्हतं. बिनलायसनची गाडी चालवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? शेजारचे काका म्हणालेही, "अरे, सकाळी सहाला कोण अडवतंय?" पण दंड सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मागच्या सीटवर आई. मग महिनाभर रिक्षा, आणि एक-दोनदा त्याच काकांची गाडी.

टेस्टच्या दिवशी बावीस वर्षांनी पोटात गोळा आला. इतकी वर्षं ऑटोमॅटिक गाडी उजवीकडून चालवलेली, त्यामुळे गिअर शोधताना हात आधी दाराला लागला. गाडी उलटी घेताना दोनदा बंद पडली. तरी पास झालो.

तुमच्यातले पुष्कळजण पुण्या-बंगळुरूला आहेत, काही सातासमुद्रापार, आणि घरी दिवाळीलाच येतात. त्या आठ दिवसांत लायसन उलटून बघा. वर्षभर आधी अर्ज चालतो, मग पुढच्या फेरीची वाट कशाला? भारतीय पासपोर्ट असलेल्यांचं आंतरराष्ट्रीय परमिट परदेशात संपलं तर 2021 पासून आपल्या दूतावासामार्फत त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मूळ लायसनचं मात्र आपणच बघायचं.

पहिल्या दिवशी आई मागे बसली, बाबा शेजारी. फूटीकोठीपर्यंत ते "क्लच सोड, क्लच सोड" करत होते, मग गप्प झाले. संध्याकाळी पाहिलं तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर माझ्या नव्या लायसनची मुदत लाल पेनाने लिहून ठेवली होती. खाली स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख.