डिस्लेक्सियाग्रस्त विद्यार्थी, तंत्रज्ञान आणि प्राध्यापकांची टिपणे

प्रस्तावना :
वर्गातील चर्चेत अचूक उत्तर देणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत मात्र चार ओळींपलीकडे जात नाही, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना येतो. 'अभ्यास केलेला नाही' एवढ्यावर त्याची मीमांसा संपते. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरे कारण डिस्लेक्सिया, म्हणजेच वाचनविषयक अध्ययन अक्षमता, हे असू शकते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी हुशार असूनही वाचू न शकणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून बुद्धिमत्ता आणि वाचनक्षमता या भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव दृढ होत गेली. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. परंतु ते मूल मोठे होऊन महाविद्यालयात येते, तेव्हाही त्याची अक्षमता त्याच्यासोबत असते.

देवनागरी आणि वाचनातील अडचण :
डिस्लेक्सियामध्ये लिपिचिन्ह आणि ध्वनी यांची सांगड सहजतेने बसत नाही. देवनागरी बहुतांशी उच्चारानुसारी असली तरी तिच्यात काही पेच आहेत. 'दिवस' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी 'द'च्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. 'अर्थ' या शब्दात 'र' आधी ऐकू येतो; रफार मात्र 'थ'वर असतो. जोडाक्षरांची भर पडली की वाचनाची गती मंदावते आणि अक्षरे जुळविण्यातच शक्ती खर्च होऊन आशय निसटतो.

तंत्रज्ञानाचे साहाय्य :
हा भार कमी करणारी साधने आज विद्यार्थ्याच्या खिशातच आहेत. अँड्रॉइड फोनमधील 'सिलेक्ट टू स्पीक' ही सोय निवडलेला मजकूर वाचून दाखविते. त्यामुळे शब्द एकाच वेळी पाहता व ऐकता येतो. २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकलेखन करता येते. अशा लेखनात विशेषनामे व पारिभाषिक संज्ञा चुकतात. म्हणून तयार झालेला मजकूर पुन्हा ऐकून दुरुस्त करण्याची सवय लावावी लागते. ही साधने अक्षमता दूर करीत नाहीत. ज्ञान आणि विद्यार्थी यांच्यामधील अडसर तेवढा कमी करतात.

टिपणांचे स्वरूप :
येथे प्राध्यापकांचा संबंध येतो. अनेक टिपणे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात. पण संगणकाच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची रांग असते. परिणामी वाचक आज्ञावली निरर्थक ध्वनी ऐकविते. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे असलेली पीडीएफ तर अक्षरओळख करून घेतल्याशिवाय मूकच राहते. मजकुरातील एक ओळ निवडून फोनच्या संदेशपेटीत चिकटवावी. ती शुद्ध मराठीत उमटली, तर टिपण युनिकोडमध्ये आहे असे समजावे. ओळ निवडताच आली नाही, तर ते केवळ चित्र आहे. युनिकोडमधील टंकलेखन, स्पष्ट शीर्षके, लहान परिच्छेद आणि ओळींमध्ये पुरेसे अंतर यांसाठी वेगळा खर्च लागत नाही.

कायद्याची चौकट :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे सुयोग्य सोयी पुरविणे हा संस्थेच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. तथापि, निदान प्राध्यापकांनी करू नये. शंका आल्यास विद्यार्थ्याशी एकांतात बोलून त्यास प्रमाणपत्रासाठी अधिकृत वैद्यकीय मंडळाकडे जाण्याचा मार्ग दाखवावा.

समारोप :
प्रमाणपत्र मिळण्यास विलंब लागू शकतो. टिपण मात्र आजच बदलता येते. साधन विद्यार्थ्याच्या हाती आहे, पण ते बोलेल की मूक राहील, हे पुष्कळदा प्राध्यापकांच्या टिपणावर अवलंबून असते. वर्गात अचूक उत्तर देणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेतही दिसावा, यासाठी पहिले पाऊल शिक्षकाच्या टेबलावरूनच पडावयास हवे.