समुद्रपक्षी-निरीक्षण, हिवाळी

समुद्रपक्षी-निरीक्षण, हिवाळी : समुद्रावर व समुद्रकाठी वावरणारे पक्षी होडीतून न जाता किनाऱ्यावरूनच पाहणे, ओळखणे व त्यांची नोंद ठेवणे. हा मुख्यतः छंद असला, तरी त्यातून मिळणाऱ्या नोंदी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासास उपयोगी पडतात. महाराष्ट्रात त्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च हा होय. कुरव व सुरय हे यातील प्रमुख पक्षी. सुरयांच्या काही जाती समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या नद्यांवरही राहत असल्याने गडचिरोली जिल्ह्यातील अहेरीसारख्या ठिकाणीही या निरीक्षणाचा सराव करता येतो.

ऋतू : यूरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर शरद व हिवाळ्यातील वादळे खोल समुद्रातील पक्ष्यांना किनाऱ्याकडे लोटतात; त्यामुळे तेथे खराब हवामान हीच निरीक्षणाची संधी ठरते. कोकणात स्थिती उलट आहे. येथे बूबी, पेट्रेल, शीअरवॉटर यांसारखे खोल समुद्रातील पक्षी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, क्वचित थकून किनाऱ्यावर येतात. हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि मध्य व उत्तर आशियातून आलेले कुरव किनाऱ्यालगत वावरतात. म्हणून येथील निरीक्षकास वादळाची नव्हे, तर योग्य प्रकाशाची व भरतीची वाट पाहावी लागते.

ओळख : कुरव रुंद पंखांचे असून पाण्यावर तरंगत बसतात, सुरय सडपातळ, टोकदार पंखांचे असून हवेत क्षणभर स्थिर राहून मासा धरण्यासाठी पाण्यात सूर मारतात. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट, लडाख इ. उंच प्रदेशांतील सरोवरांकाठी वीण करतो. हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे होते व डोळ्यामागे केवळ गडद ठिपका उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचेही तसेच होत असल्याने नावावरून दोघांना ओळखता येत नाही. पहिल्याच्या पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात, तर दुसऱ्याच्या पंखाची पुढील कड पांढरी असते. ही खूण उडताना साध्या दुर्बिणीतूनही दिसते. यांखेरीज पल्लासचा कुरव हा मोठा कुरव, तसेच कॅस्पियन व लहान तुरेवाला हे सुरय हिवाळ्यात आढळतात.

साधने : ८×३० किंवा ८×४२ प्रकारची द्विनेत्री दुर्बीण पुरेशी असते. यातील पहिला अंक वर्धनाचा, तर दुसरा वस्तुभिंगाच्या मिमी.मधील व्यासाचा होय. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो (४२ ÷ ८ = ५·२५ मिमी.). वर्धन वाढले की हाताचा कंपही तेवढाच वाढतो. म्हणून हाती धरण्यास आठपट वर्धन सोयीचे. दूरच्या थव्यांसाठी ५० ते ६० मिमी. व्यासाची छोटी दुर्बीण हलक्या तिपाईवर बसवितात. हलकी तिपाई वाऱ्याने थरथरते. यावर उपाय म्हणजे तिचे पाय आखूड ठेवून खडकाच्या आडोशाने बसणे आणि तिच्या मध्यभागी पिशवी टांगून वजन देणे. वाळू तापल्यावर हवेच्या लहरींमुळे प्रतिमा हलू लागते. अशा वेळी मोठ्या व महागड्या दुर्बिणीचाही फारसा लाभ होत नाही.

वेळ : कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी असतो व पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात, दुपारनंतर चकाकणाऱ्या पाण्यावर केवळ काळ्या आकृती उरतात. सकाळच्या मतलई वाऱ्यात किनाऱ्याजवळचे पाणी संथ असते, तर दुपारी खारे वारे सुटून लाटा वाढतात. भरतीची वेळ काढण्यासाठी कोळी बांधवांचा ठोकताळा उपयोगी पडतो : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्यानुसार दशमीस सुमारे साडेसात व द्वादशीस नऊ वाजता भरती असते. या दिवशी सकाळचा प्रकाश व भरती यांचा मेळ बसतो. खाजणे पाण्याखाली गेल्याने पक्षी उरलेल्या वाळूवर दाटीने बसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मात्र सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असून पाणी दूर गेलेले असते.

स्थळे : अलिबागजवळील आक्षी व रेवदंडा, तसेच मुरूड, हर्णै व रत्नागिरी येथील किनारे सोयीचे आहेत. मासळी उतरविण्याच्या बंदरांवर कुरवांचे थवे जमतात. अंतर्भागात वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून सुरू होणारी प्राणहिता नदी अहेरीजवळून वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की तिच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. तेथे पिवळ्या चोचीचा नदी सुरय वर्षभर राहतो व हिवाळ्यात चक्रवाक बदके येतात. येथे भरती-ओहोटी नसल्याने केवळ प्रकाशाची दिशा पाहून काठ निवडावा लागतो. सुरयाची झेप व पंखांची ठेवण येथे डोळ्यांत बसली की समुद्रावरचे सुरय ओळखणे सोपे जाते.

दक्षता : बसलेला थवा वारंवार उठविल्यास स्थलांतरी पक्ष्यांची शक्ती वाया जाते, कुरवांना शेव-फरसाण घालणेही अहितकारक आहे. नदी सुरय मार्च ते मेमध्ये वाळूतील उथळ खळग्यात अंडी घालतो. वाळूच्या रंगाची ही अंडी पायाखाली सहज तुडविली जातात, वाळू-उपशात नष्ट होतात किंवा धरणाचे पाणी अवेळी सुटल्यास वाहून जातात. म्हणून या काळात बेटांवर न उतरता काठावरूनच पाहणे इष्ट होय. दिनांक, वेळ, तिथी, स्थळ व संख्या यांची नोंद दरवर्षी एकाच ठिकाणी केल्यास पक्ष्यांतील घट वेळीच लक्षात येते. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना अशाच स्वयंसेवी नोंदींवर आधारलेली आहे.