राज्यगीतातली भीमथडी आहे तरी कुठे?

कॉलेजच्या कार्यक्रमात 'जय जय महाराष्ट्र माझा' सुरू झालं की आपण ताठ उभे राहतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते आपलं राज्यगीत आहे. राजा बढे यांच्या या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. पण ही भीमथडी नेमकी कुठली? बारामती-इंदापूरच्या दोस्तांनो, तुम्ही तिथेच राहताय!

थडी म्हणजे नदीचा काठ. 'पैलथडी' ऐकलंय ना? तीच ही थडी. भीमेकाठचा मुलूख तो भीमथडी, गोदाकाठचा तो गंगथडी. म्हणजे हे कुठल्या एका गावाचं नाव नव्हतंच.

हा मुलूख गाजला तो घोड्यांमुळे. इथलं तट्टू अंगानं लहान, पण भलतंच काटक. थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारं. मराठ्यांच्या वेगवान घोडदळाची भिस्त अशाच जनावरांवर होती. आज आपण कुणाला 'भाड्याचं तट्टू' म्हणून हिणवतो, तेव्हा या पराक्रमाची आठवणही होत नाही.

इंग्रजांच्या काळात हे नाव सरकारदरबारी पोचलं. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये इंदापूर हा स्वतंत्र तालुका दिसतो आणि त्याच्या शेजारी 'भीमथडी' तालुका. आजचे बारामती आणि दौंड, दोन्ही त्यात होते. गंमत बघा, बारामती शहर भीमेवर नाही, कऱ्हेवर वसलंय. तरी तालुका भीमथडीच! पुढे बारामती आणि दौंड हे वेगवेगळे तालुके झाले आणि भीमथडी नकाशावरून पुसली गेली. इंदापूरकडची बरीचशी थडी तर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली.

नाव मात्र टिकलं. पुण्यातल्या भीमथडी जत्रेमुळे ते शहरात पोचलं. पण त्याला खरं जपलं ते धनगर बांधवांनी. मेंढरांमागे फिरताना बिऱ्हाड पाठीवर वाहणारा त्यांचा घोडा म्हणजेच भीमथडी. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झालीय. कागदावर मान मिळाला, हे छानच. पण चराऊ रानं आणि वाडे कमी होत गेले, तर हा घोडा फक्त गाण्यात उरेल.

सुट्टीत घरी गेलात की आजोबांची ट्रंक उघडा. एखाद्या जुन्या खरेदीखतावर 'तालुका भीमथडी' असं लिहिलेलं सापडलं, तर तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.