फळीचा झोल

प्लायवूडची ताकद त्याच्या उभ्या-आडव्या रचनेत आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक काटकोनात चिकटवतात, बहुधा विषम संख्येत. म्हणून ती फळी सहज चिरत नाही आणि हवेनुसार फारशी फुगत-आकसतही नाही. एमडीएफमध्ये असे रेषेतले धागे नाहीत, नुसते दाबून बसवलेले तंतू. रंगकामाला, कोरीवकामाला झकास. पण कडेत थेट स्क्रू मारला की फुटण्याची भीती. पार्टिकल बोर्ड त्याहून कच्चा. पाणी पिऊन एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. कोकणातल्या घरात सिंकखाली तो बसवणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी!

पुस्तकांची फळी करताना आधी लांबी बघा. आधारांमधलं अंतर दुप्पट केलं आणि पुस्तकं तशीच खच्चून भरली, तर झोल १६ पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांशावर येतो. ओलाव्याच्या जागी मात्र मरीन प्लाय वापरतात; त्याचं भारतीय मानक आयएस ७१०. त्याचे नमुने ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. ही परीक्षा मुख्यतः चिकटद्रव्याची. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर मरीन प्लायही पाणी ओढतोच.