गांधीलमाशीचा दंश : स्वभाव, लक्षणे आणि चिकित्सेची मर्यादा

गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाच्या परिसरात मोहफुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्यांना गांधीलमाशीचा दंश नवा नाही. असा रुग्ण पुष्कळदा प्रथम गावातील वैद्याकडे अथवा औषधी दुकानात येतो. म्हणून पहिला निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, कीटकल्प अध्यायात, ‘वरटी’ची गणना पित्तप्रकोपक अशा २४ आग्नेय कीटांत केली आहे. दाह, आरक्तता, शोथ व तीव्र वेदना ही लक्षणे त्यास अनुरूपच आहेत.

दंशाचा स्वभाव

मधमाशीची नांगी काटेरी असल्याने त्वचेत अडकून राहते. गांधीलमाशीची नांगी बहुतांशी गुळगुळीत असते. त्यामुळे एकच माशी अनेकदा दंश करू शकते आणि व्रणात नांगी शोधण्यात वेळ दवडण्याचे कारण नसते. दंश केवळ मादी करते. एकटी भक्ष्य शोधणारी माशी सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. मात्र पोळ्यास धक्का लागताच ती चवताळते. मोठ्या जातींत विषातील गंधद्रव्याने इतर माश्याही चेतवल्या जातात. म्हणून पोळ्याजवळ माशी चिरडू नये. चेहरा झाकून त्वरेने दूर जावे.

दोन भिन्न धोके

दंशांच्या संख्येवरून धोका ठरत नाही. पूर्वी संवेदनशील झालेल्या व्यक्तीस एकच दंश काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकतो. सर्वांगावर गांधी, ओठ-जिभेवर सूज, श्वासकष्ट, वांती, भोवळ यांपैकी काही दिसल्यास लेपात वेळ घालवू नये. रुग्णास आडवे ठेवावे. श्वासकष्ट असल्यास बसते ठेवावे. ॲड्रेनॅलिनचे स्नायुगत इंजेक्शन मिळेल तेथे तत्काळ न्यावे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. दुसरा धोका बहुदंशाचा. स्नायू व रक्तपेशींचा नाश होऊन वृक्कांस इजा होते आणि ती एक-दोन दिवसांनीही प्रकट होते. मूत्र काळसर वा अल्प झाल्यास रुग्णालय गाठावे. मुख किंवा कंठातील दंशही गंभीरच समजावा.

स्थानिक उपचार

ही लक्षणे नसल्यास दंशस्थान धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. त्यानंतर चंदन, उशीर अथवा शतधौतघृत यांचा पित्तशामक उपयोग करावा. चरकसंहितेने विषघ्न द्रव्यांत श्रेष्ठ मानलेला शिरीषही लेपार्थ योजता येतो. तथापि लेप लावल्यावरही रुग्णास किमान अर्धा तास समोर बसवून ठेवावे.

औषधी विक्रेत्यांनी लेप हाती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : दंश किती, कोठे आणि पूर्वी दंशाने त्रास झाला होता काय? एवढ्या चौकशीनेही एखादा जीव वाचू शकतो.