निर्विवाद अजिंक्यपद

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारतीय महिला संघाने नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची कन्या. दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांखेरीज ज्या जिल्ह्याचे नाव बाहेर फारसे घेतले जात नाही, त्या जिल्ह्याला एका जगज्जेत्या संघाची नायिका लाभली.

खो-खो तुम्ही शाळेच्या पटांगणावर खेळलाच असाल. पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. वाट खुंटली की बसलेल्या सोबतिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यावा लागतो. या स्पर्धेत महिलांचे १९ संघ उतरले होते. भारताने उपउपान्त्य सामन्यात बांगलादेशास, उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेस आणि अखेरीस नेपाळला हरविले. स्पर्धा एक, चषक एक. त्यामुळे जगज्जेता संघ कोणता, हा प्रश्नच उरला नाही.

सर्वच खेळांत हे इतके सोपे नसते. या सामन्यानंतर अवघ्या पंधरवड्याने, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेतील फ्लिंट या गावी तेथीलच क्लॅरेसा शील्ड्स हिने डॅनियल पर्किन्सला मुष्टियुद्धात हरविले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी तिला नुसती 'जगज्जेती' म्हटले नाही. 'हेवीवेट गटातील निर्विवाद जगज्जेती' म्हटले. जगज्जेतीला 'निर्विवाद' असे आणखी एक विशेषण कशाला हवे?

त्याचे कारण असे, की व्यावसायिक मुष्टियुद्धाचा कारभार एका संस्थेच्या हाती नाही. चार प्रमुख जागतिक संस्था आहेत. प्रत्येकीचे नियम निराळे, क्रमवारी निराळी आणि विजेत्याच्या कमरेला बांधावयाचा पट्टाही निराळा. म्हणून एकाच वजनगटात एकाच वेळी चार जगज्जेत्या असू शकतात, आणि कित्येकदा असतातही! ज्या एकीकडे चारही पट्टे येतील, तीच निर्विवाद. शील्ड्सने हा मान २०१९, २०२१ आणि २०२५ या वर्षी तीन निरनिराळ्या वजनगटांत मिळविला.

परंतु चार पट्टे हाती आले म्हणजे वाद मिटतोच असे नाही. आयर्लंडची केटी टेलर ही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेती. महिलांचे मुष्टियुद्ध त्याच ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाले आणि आपल्या मेरी कोमने कांस्यपदक मिळविले, तेही तेथेच. टेलरपाशी तीन पट्टे होते. चौथा बेल्जियमच्या डेल्फीन पेरसूनकडे होता. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे दोघी समोरासमोर आल्या. दहा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन पंचांनी टेलरला ९६ विरुद्ध ९४ असे विजयी ठरविले. तिसऱ्याने दोघींना समान गुण दिले. टेलर निर्विवाद जगज्जेती झाली खरी, पण खरी विजेती पेरसूनच, असे म्हणणारे प्रेक्षक थोडेथोडके नव्हते. निर्विवाद पदावरून इतका वाद क्वचितच झाला असेल. अखेर २२ ऑगस्ट २०२० रोजी दोघी पुन्हा लढल्या. या वेळी तिन्ही पंचांनी टेलरच्या बाजूने कौल दिला.

याहून विचार करावयास लावणारी हकीकत अमांडा सेरानोची आहे. मूळच्या प्वेर्तो रिकोच्या या मुष्टियोद्धीने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेदरवेट गटातील चारही पट्टे मिळविले. पुरुषांच्या जगज्जेतेपदाच्या लढती तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांच्या असतात. स्त्रियांच्या सर्वसाधारणपणे दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्या. म्हणजे एकूण ३६ मिनिटे आणि २० मिनिटे. हा भेद सेरानोला मान्य नव्हता. पुरुषांइतकाच वेळ लढण्याची मुभा आपल्याला असावी, असे तिचे म्हणणे होते. तीन संस्थांनी ते मानले. जागतिक मुष्टियुद्ध परिषद या चौथ्या संस्थेने मात्र खेळाडूंच्या सुरक्षिततेचे कारण देऊन नकार दिला.

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी सेरानो ब्राझीलच्या डॅनिला रामोसशी पूर्ण बारा फेऱ्या, तीन-तीन मिनिटे लढली आणि जिंकली. त्या लढतीत तीनच पट्टे पणाला लागले होते. पुढे डिसेंबरमध्ये तिने परिषदेचा पट्टा आपण होऊन सोडून दिला. तिच्या नावामागील 'निर्विवाद' हे विशेषण त्याबरोबर गेले. ते कोणा प्रतिस्पर्धिनीने रिंगणात उतरून जिंकून घेतले नव्हते.