पाखरांची शीळ आणि पन्नाशीचे कान

मृगाचा पाऊस झाला की बालाघाटचे माळ हिरवे होऊ लागतात आणि पाखरांची घरट्यांसाठी धावपळ सुरू होते. सुगरण बाभळीला खोपे विणते, शिंपी पाने शिवतो, चंडोल तर जमिनीवरच गवताच्या आडोशाला अंडी घालतो. पहाटे नर गाऊन आपली हद्द सांगत असतात. वाशीकरांना हे पाहायला लांब जायला नको. येडशीचा रामलिंग घाट १९९७ साली अभयारण्य झाला, तिथली एक सकाळ पुरे. घरट्यापासून मात्र दूर राहावे. माणूस रेंगाळला की पाखरू उठते आणि कावळ्याचे फावते.

चढाचे चालणे हृदयाला चांगले, हे वाचकांना ठाऊकच आहे. आज कानांविषयी लिहितो.

पन्नाशीपुढची मंडळी रानात गेली की होला, भारद्वाज त्यांना ऐकू येतात. शिंजीरासारख्या चिमुकल्या पाखराची बारीक शीळ मात्र येत नाही. सोबतचा नातू म्हणतो, "आजोबा, ते बघा ओरडतंय," आणि आजोबा नुसती मान हलवतात. याचे कारण आतल्या कानात आहे. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते व तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि साधारणपणे त्याच आधी झिजतात. गेलेली पेशी पुन्हा येत नाही.

वय हे एक कारण झाले. वर्षानुवर्षे मळणीयंत्राजवळ किंवा पिठाच्या गिरणीत काम, वरातीतला डीजे, मधुमेह, तंबाखूचा धूर आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शने ही झीज वाढवतात. (डीजेपुढे लहान लेकरांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या बापांना काय म्हणावे!)

शीळ ऐकू आली नाही म्हणून कोणाचे अडत नाही. पण 'स', 'श', 'फ' ही अक्षरेही उंच आवाजाचीच. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. सुनेचे, नातवंडांचे बोलणे आधी निसटते. घरचे म्हणतात, हवे तेवढेच ऐकतात! मग माणूस पारावर बसणे सोडतो, गप्प होतो. ऐकू कमी येणे व उतारवयातला विसरभोळेपणा यांचा संबंध आता संशोधनात दिसून आला आहे.

कधी नुसता मळच साठलेला असतो. तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडी, पिन, गरम तेल कानात घालू नये. मळ नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी करावी. तीत दुखत-खुपत नाही. यंत्र लागले तर लवकर लावावे. फार वर्षे घालवली की मेंदूला त्या आवाजांची सवय पुन्हा लावणे जड जाते. चष्म्याला आपण लाजत नाही, मग यंत्रालाच का लाजावे?

एक वेगळी गोष्ट. एका कानाने एकाएकी, तास-दोन तासांत किंवा रात्रीतून ऐकू येईनासे झाले, तर तो वयाचा दोष नव्हे. त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठा; औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.